नाल्याची हजेरी

पुंजाकाकांवर मी जेवढी चिडले तेवढी घरच्या माणसांवरही चिडले नसेन. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी नाल्यावरून जाताना अजून तोंडातल्या तोंडात त्यांच्याशी भांडते. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून हे वहीत लिहिते आहे. वहीत लिहायची सवयसुद्धा त्यांनीच लावली. मग त्यांना सोडून पहिलं दुसऱ्या कुणावर लिहिणार?

ते आमचे शेजारी. दोन्ही घरांच्या मध्ये तुरीच्या तुराट्यांचं कुंपण, त्यामुळे त्यांच्या घरातलं भांडण आम्हाला आणि आमच्यातलं त्यांना सगळं ऐकू यायचं. काका सरकारी रस्त्यावर मैलकुली होते. मैलकुली म्हणजे रस्त्याचा नेमून दिलेला तुकडा सांभाळणारा माणूस. खड्डे मुरमानं भरायचे, कडेचं गवत काढायचं, पावसाळ्यात चर मोकळे ठेवायचे. फाट्यापासून गावाच्या वेशीपर्यंतचा रस्ता त्यांच्या हवाली होता. रिटायर झाले त्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच खाकी शर्ट घालून, घमेलं-फावडं घेऊन पुन्हा रस्त्यावर हजर. गोदाकाकू, म्हणजे त्यांची बायको, कुंपणावरून मला म्हणाली, "पाह्य वो कांते, सरकारनं सोडलं, पण हे काही सरकारले सोडत नाई."

उंच, हाडकुळा माणूस. आयुष्यभर एकाच खांद्यावर घमेलं वाहून मान थोडी डावीकडे कललेली. एसटीत बसले तर डाव्या खिडकीशीच बसणार, म्हणजे रस्त्याची कड दिसते. साखरखेर्ड्याला माझ्या बहिणीच्या घरी लग्नाला आले होते, तर मांडवात बसायचं सोडून बाहेरच्या डांबरी रस्त्यावर उकिडवे बसून खडी बोटानं उकरून पाहत होते. जेवणाची पंगत उठली तरी यांचा पत्ता नाही. शेवटी मी ताट झाकून ठेवलं. आले आणि म्हणाले, डांबर कमी टाकलं, दोन पावसाळे टिकणार नाही. वधूवरांना आशीर्वाद द्यायचे राहूनच गेले.

पण हे सगळं चालून गेलं असतं. माझं त्यांच्याशी वाकडं आलं ते नाल्यावरून.

आमचं गाव जिल्ह्याच्या अगदी शेवटाला आहे. गाव संपलं की नाला, आणि नाला ओलांडला की दुसरा जिल्हा. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून पुढची शाळा पलीकडच्या गावात, दीड किलोमीटरवर. आमच्या जिल्ह्यातली तशी शाळा बारा किलोमीटरवर आणि तिकडे जायला वेळेवर गाडी नाही. म्हणजे शिकायचं तर नाला ओलांडायचा. उन्हाळ्या-हिवाळ्यात तो नुसता दगडगोट्यांचा पट्टा. पावसाळ्यात भरला की पोरं घरी. मुलगे पुन्हा जायला लागायचे, मुली घरीच राहायच्या.

इथं पूल का नाही, असं कुणी काकांना विचारलं की ते आपल्या वडलांच्या काळापासून सुरुवात करायचे. तेव्हा नाल्याच्या अल्याड वऱ्हाड, म्हणजे इंग्रजाचं सरकार, आणि पल्याड मोगलाई, म्हणजे निजामाचं. पल्याडच्या काठावर नाका होता. "आपला बैल पाणी प्याले गेला अन् चार पावलं पुढं सरकला, का त्याचा राजा बदलला," असं सांगायचे. त्यांची आई पलीकडच्या गावची. लग्न लागून वरात इकडे येताना नाक्यावर अडवली, नवरीची पेटी उघडली आणि नवी लुगडी काठावरच्या दगडांवर पसरून एकेक पाहिली. ती गोष्ट त्यांची आई मरेपर्यंत रागानं सांगायची म्हणे. मग काका मान आणखी डावीकडे करून म्हणायचे, "इंग्रजानं पूल बांधला नाई, काऊन का पल्याड त्याचं कोणी नोतं. निजामानं बांधला नाई, काऊन का अल्याड त्याचं कोणी नोतं. दोघंबी गेले. आता आपलंच राज्य हाये, अन् दोन जिल्ह्याचे दोन साहेब तेच बोलून राह्यले."

एवढं सांगायला त्यांना अर्धा तास लागायचा. ऐकता ऐकता माझी भाजी लागायची.

सरकार या गोष्टीबद्दल त्यांचा एक हिशेबच ठरलेला होता. गावातले बाकीचे लोक सरकारला एक तर शिव्या द्यायचे, नाही तर हात जोडायचे. काका दोन्ही करत नसत. ते म्हणायचे, सरकार म्हणजे वही. वहीत आहे ते आहे, वहीत नाही ते नाही. फाट्याचा रस्ता वहीत आहे, म्हणून त्यावरचा खड्डा दिसला की बुजवायचा, मग पगार असो नसो. नाला वहीत नाही, म्हणून तो आधी वहीत आणायचा. तोवर त्यात स्वतःच्या हातानं एक दगडही ठेवायचा नाही. ज्या माणसानं आयुष्यभर दगडमातीचं काम केलं, ज्याला नुसत्या डोळ्यांनी पाण्याचा उतार कळायचा, तो माणूस घरापासून हाकेच्या अंतरावरच्या नाल्यात दगड ठेवायला तयार नव्हता. कुणाचं डोकं फिरणार नाही?

वहीत आणायचा म्हणजे अर्ज करायचे. काका दुसरी शिकलेले. सही करायचे, वाचायचेही अडखळत, पण लिहिणं म्हणजे कोंबडीचे पाय. माझं शिक्षण चौथी, पण अक्षर चांगलं. माझं माहेरही याच गावातलं, त्यामुळे लहानपणीचं माझं अक्षर त्यांना माहीत होतं. मी भाकरी थापत असले तरी कुंपणावरून हाक यायची, "कांते, कागद आण." मग ते ओसरीत बसून सांगायचे आणि मी लिहायचे. मी पहिल्यांदा "नम्र विनंती" असं लिहिलं तर खोडायला लावलं. "विनंती कायले? भीक मागून राह्यलो का आपुन? 'कळविण्यात येते' लिव. ते आपल्याले तसंच लिवतात ना?" त्यामुळे आमचे सगळे अर्ज ऑफिसातून आलेल्या नोटिशीसारखे वाचायला लागायचे. साहेबांना ते आवडत नसणार, हे मला तेव्हाही कळत होतं. सांगायची हिंमत नव्हती.

उत्तरं यायची. पलीकडच्या जिल्ह्याचं ऑफिस लिहायचं की वापर करणारी मुलं आमच्या हद्दीतली नाहीत. आमच्या जिल्ह्याचं ऑफिस दरवेळी एकच ओळ लिहायचं, तिचा अर्थ मला बरीच वर्षं लागला नाही: सदर ठिकाणी रपटा अस्तित्वात असल्याने नवीन कामाची आवश्यकता दिसून येत नाही. रपटा म्हणजे नाल्यात टाकलेली दगडी फरशी, जिच्यावरून माणसं जातात आणि पाणीही जातं. नाल्यात तर काहीच नव्हतं. मी म्हणायचे, काका, चुकून दुसऱ्याच गावाचं उत्तर आलं असेल. ते कागद घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवायचे.

माझी मनीषा चौथी पास झाली त्या वर्षी मात्र मला गप्प बसवेना. ती हुशार होती. घरात सासूबाई म्हणत होत्या की चौथी खूप झाली. आमचे हे म्हणत होते, बघू. बघू म्हणजे नाही, हे मला माहीत होतं. त्यांची भीती नाल्याचीच होती, आणि ती खोटीही नव्हती. तेव्हा आमच्या बचत गटाच्या बायकांनी ठरवलं की आपणच वाट करू. ग्रामपंचायतीकडे गटाराच्या कामातल्या चार मोठ्या सिमेंटच्या नळ्या उरल्या होत्या. सरपंच न्या म्हणाले, त्या आम्ही नाल्यावर आणून टाकल्या. नळ्या टाकायच्या, वर दगड आणि मुरूम. फक्त लेव्हल धरून द्यायला जाणता माणूस पाहिजे, आणि तो तर आमच्या शेजारीच होता.

मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागायला गेले ती त्यांच्याकडे. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. ते आले नाहीत तरी चालेल असं बायकांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अकरा जणी घमेली घेऊन नाल्यावर गेलो, तर हा माणूस खाकी शर्ट घालून आधीच एका नळीत बसलेला. अक्षरशः नळीच्या आत. पाय दुमडून, गुडघ्यावर हात ठेवून. नळी सरकवायची तर त्यांच्यासकट सरकवावी लागली असती.

बायका आधी हसल्या, मग चिडल्या. एकजण म्हणाली, स्वतः करायचं नाही आणि दुसऱ्यालाही करू द्यायचं नाही. काकूला बोलावलं. काकूनं येऊन नवऱ्याला नळीच्या तोंडाशी उभं राहून जे सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही. शेवटी म्हणाली, "लय झालं आता. सरकारचा जावई नाई लागून गेला तू. निंग बाहीर."

ते निघाले नाहीत. ऊन चढलं तशा बायका एकेक करून शेतावर गेल्या. काकूही गेली. मी एकटीच राहिले, घमेलं पालथं घालून त्यावर बसून. मला रडू येत होतं आणि त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. मी म्हणाले, "काका, माह्या पोरीची शाळा बंद होते."

तेव्हा ते नळीतून बाहेर आले. माझ्यासमोर मातीत बसले आणि म्हणाले, "तुही शाळा कोणं बंद केली, माहीत हाये का तुले? म्या केली."

मला आठवत होतं ते एवढंच की मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात नाल्यात दगडांची छान फरशी झाली होती, आणि तिच्यावरून मी पंधरा दिवस पाचवीत गेले होते. ती फरशी काकांनी बांधली होती. तेव्हा ते नवे नोकरीला लागलेले, अंगात जोर. गावातली माणसं जमवली आणि महिनाभर श्रमदान केलं. काम पाहायला मोठे साहेब आले, सगळ्यांना हार घातले, फोटो काढला आणि वहीत नोंद केली. पहिल्या मोठ्या पुरात फरशी वाहून गेली. नोंद राहिली. त्या पुरानंतर वडलांनी माझं दप्तर खुंटीला टांगलं, ते तिथंच राहिलं. आणि त्या दिवसापासून सरकारच्या लेखी आमच्या नाल्यावर वाट होती.

"दगड गेले, लिवलेलं गेलं नाई," काका म्हणाले. "आता तुम्ही ह्या नळ्या टाकसान. साहेब येईन, फोटो काढीन. नळ्या दोन वर्षं टिकतीन. अन् वहीत पुढची वीस वर्षं वाट चालू. मनीषाच्या पोरीचं काय करतं मंग?"

मला त्यांचं म्हणणं समजलं. समजलं म्हणून राग गेला असं मात्र झालं नाही. मी म्हणाले, पुढच्या वीस वर्षांचं राहू द्या, या जूनचं काय? ते उठले, शर्टाची माती झटकली आणि म्हणाले, "जूनचं मी पाह्यतो."

जूनमध्ये त्यांनी जे केलं ते पाहून गावानं कपाळाला हात लावला. नाल्याच्या काठावर एक मोठा काळा दगड आहे. त्यावर त्यांनी चुन्यानं दोन आडव्या रेघा ओढल्या. पाणी पहिल्या रेघेच्या खाली असेल तर मुलांनी आपापलं जायचं. दोन रेघांच्या मध्ये असेल तर काका मुलांना खांद्यावर बसवून नेणार. दुसऱ्या रेघेच्या वर गेलं तर घरी परत, कुणाचं काही ऐकणार नाही. सहा-सात मुलं होती. पासष्टीचा माणूस कंबरभर पाण्यात काठी टेकत एकेकाला पलीकडे ठेवून यायचा, आणि शाळा सुटायच्या वेळेला पुन्हा हजर. दगड ठेवायचा नाही म्हणून पोरं खांद्यावर. असा अडेलतट्टू माणूस मी दुसरा पाहिला नाही. काकू रोज संध्याकाळी त्यांच्या पायांना तेल चोळायची आणि चोळताना बोलत राहायची.

दुसरी रेघ म्हणजे दुसरी रेघ. एकदा मनीषाची घटक चाचणी होती आणि पाणी रेघेच्या जेमतेम दोन बोटं वर. ती रडली, मी काठावर उभी राहून पदराचं टोक चावत होते. काकांनी पाण्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं आणि नाही म्हणाले. पलीकडून मास्तर हात करत होते. तरी नाही. तासाभरात पाणी उतरलं, पण चाचणी होऊन गेली होती. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी कुंपणावरून हाक आली, "कांते, वही आण." आणि मी वही घेऊन गेले, याचाही मला राग आला.

ही वही म्हणजे हजेरीपत्रक. रस्त्यावर मजुरांचं असतं तसं. नाला भरला त्या प्रत्येक दिवशी संध्याकाळी ते माझ्याकडून लिहून घ्यायचे. तारीख, पाणी कुठल्या रेघेपर्यंत, कोण खांद्यावर गेलं, कोण परत आलं. खाली मुलांच्या सह्या. पहिल्या दिवशी वही उघडली तेव्हा मी मनीषाचं नाव लिहायला घेतलं, तर म्हणाले, आधी तुझं लिही. मी म्हणाले, माझं काय आता, मला पोरगी झाली. ते ऐकेनात. त्यामुळे पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर पहिलं नाव माझं आहे. चौथीनंतर गैरहजर. कारण, नाला. स्वतःच्या हातानं ते मी लिहिलं. त्यांनी वाचून पाहिलं आणि "कारण" शब्दाखाली रेघ मारायला लावली.

साहेब लोक पाहणीला यायचे, नाही असं नाही. पण यायचे चैत्र-वैशाखात, गाडी आरामात येते तेव्हा. एकजण रुमालानं मान पुसत नाल्याच्या मधोमध कोरड्या गोट्यांवर उभे राहून म्हणाले की इथं पाणी कुठं आहे. काका म्हणाले, "पाणी पावसाळ्यात येते साहेब. तुम्ही उन्हाळ्यात येता." दुसऱ्या जिल्ह्याचे साहेब वेगळ्या दिवशी आले. त्यांनी टेप लावली ती आपल्या काठापासून मधल्या मोठ्या गोट्यापर्यंत, आणि पुढचं आमचं नाही म्हणून टेप गुंडाळली. काकांनी त्यांना चहा पाजला, आपल्या काठापासूनचं माप स्वतः पावलांनी मोजून दाखवलं आणि दोन्हीची बेरीज करून सांगितली. साहेबांनी ती लिहून घेतली नाही.

त्यानंतरच्या अर्जात त्यांनी मला शेवटी एक ओळ टाकायला लावली: पाहणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी आषाढ-श्रावणात यावे, उन्हाळ्यात येऊ नये, असे कळविण्यात येते. मी म्हणाले, काका, हे कोणी वाचून रागावेल. "रागावू दे. रागानं तरी येईन."

आणि कोणी तरी खरंच आलं. आमच्या जिल्ह्याच्या ऑफिसात एक नव्या बाई आल्या होत्या, त्या भर श्रावणात आल्या. त्यांची जीप फाट्याच्या पुढे चिखलात फसली, त्या चालत नाल्यावर पोचल्या तर पाणी दुसऱ्या रेघेला टेकलेलं. काकांनी तोवर चार वह्या भरवल्या होत्या. बाईंनी छत्रीखाली उभं राहून पान न पान चाळलं. मुलांची नावं वाचत होत्या, ओठ हलत होते. मग विचारलं की हे अक्षर कुणाचं. काकांनी माझ्याकडे हात केला आणि मी गोदाकाकूच्या मागे जाऊन उभी राहिले. बाई पुढं काही बोलल्या असतील, तर मी ते ऐकलं नाही.

पूल लगेच झाला नाही. आधी जो रपटा नव्हता तो नसल्याचं सिद्ध करावं लागलं. वहीतली नोंद काढायची तर पंचनामा पाहिजे. म्हणून एका सकाळी पाच पंच नाल्याच्या काठावर ओळीनं उभे राहिले आणि इथं काहीही नाही अशा कागदावर त्यांनी सह्या केल्या. काकूनं भाकरीचं पीठ भरल्या हातानं येऊन पाहिलं आणि म्हणाली, "काई नाई हे पाह्याले बी पाच मानसं लागतात का बे?" काका मात्र त्या दिवशी फार खूश होते. पेढे वाटले. पुलाचे नव्हे, पूल नसल्याचे.

मग मोजणी, मग दोन्ही जिल्ह्यांच्या सह्या, मग एक वर्ष काहीच नाही, मग एकदम खडीचे ढीग. तोवर मनीषा दहावी होऊन तालुक्याला कॉलेजात गेली होती, पाचवी-सहावी काकांच्या खांद्यावर आणि त्यापुढची वर्षं स्वतः पाण्यात उतरून. पुलाचं काम चालू होतं तेव्हा काका दिवसभर तिथं. वाळूत माती आहे म्हणून ठेकेदाराशी भांडायचे, ठेकेदाराची माणसं त्यांना दूर बसवायची, हे पुन्हा उठून जवळ जायचे. त्यांना तेव्हा दम लागायला लागला होता. मी म्हणायचे, झाला ना आता पूल, बसा की घरी. तर म्हणायचे, झाल्यावर सांग.

पूल झाला, पण कठडा नाही. दोन्ही बाजू नुसत्या उघड्या. ठेकेदार म्हणाला की कठडा कागदात नाही. काका खाटेवर पडून होते, तरी त्यांनी मला बोलावून कठड्याचा अर्ज सांगितला. "कळविण्यात येते" अजूनही तसंच. अर्ज संपल्यावर माझा हात धरून एकच गोष्ट बजावली, "बांबू बिंबू काही बांधू नका. मी सांगून ठेवतो."

त्या हिवाळ्यात ते खाटेवरच गेले.

पुढच्या पावसाळ्यात पाणी पुलाला लागायला आलं, आणि पाचवीतली एक पोर छत्रीसकट वाऱ्यानं कडेला ढकलली गेली. मोठ्या मुलीनं दप्तर धरलं म्हणून वाचली. मग आम्ही काय करणार होतो? बचत गटाच्या बायकांनी एका दिवसात दोन्ही बाजूंना बांबू रोवले आणि तारेनं आडवे बांबू बांधले. मीही बांधले. माझे हात तारेनं सोलले होते. पंधरा दिवसांनी ऑफिसचा एकजण मोटारसायकलवर आला, मोबाइलमध्ये दोन फोटो काढले आणि गेला. आणि गेल्या महिन्यात उत्तर आलं: सदर पुलास कठडा अस्तित्वात असल्याने नवीन कामाची आवश्यकता दिसून येत नाही.

मी ते काकूला वाचून दाखवलं. ती तूर निवडत होती. सुपातला हात न थांबवता म्हणाली, "सांगत होता थो." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "पण मंग पोरगी पडू द्याची होती का? त्याले इचार जाऊन." मी अजून विचारते आहे. एवढं सगळं कळणाऱ्या माणसाला याचं उत्तर देऊन जाता आलं नाही. ते असते तर पुलाच्या कडेला पोरांचे हात धरून उभे राहिले असते, एवढंच मला दिसतं. आणि तेही काही उत्तर नाही. सगळ्यांना तेवढे खांदे कुठून येणार?

नवी वही मी आणली आहे. पहिल्या पानावर त्या पोरीचं नाव लिहिलं, आणि "कारण" शब्दाखाली रेघ मारली.

त्यांना मी बाहेर चालताफिरता शेवटचं पाहिलं ते पूल झाल्यावरच्या पहिल्या पुराच्या दिवशी. आजारी होते, उठू नका असं डॉक्टरांनी सांगितलेलं. सकाळी मी चूल पेटवत होते आणि कुंपणावरून हाक आली. जाऊन पाहते तर खाकी शर्ट घालून, काठी घेऊन उभे. एका हातात चुन्याचा डबा. म्हणाले, पहिली वही घे, नाल्यावर चल. मला भाकरी टाकायच्या होत्या, आमच्या ह्यांना शेतावर जायचं होतं, तरी गेले. पाणी काळ्या दगडाच्या दुसऱ्या रेघेच्या कितीतरी वर होतं आणि पोरं पुलावरून ओरडत पळत शाळेत चालली होती. काकांनी मला पुलावर जायला सांगितलं. मी म्हणाले, मला पलीकडे काही काम नाही. "काम नसू दे. जाऊन ये." मी चडफडत गेले. पलीकडच्या काठाला पाय लावला आणि परत आले. साडीची किनार भिजली होती. त्यांनी वही उघडून पहिलं पान काढलं आणि माझ्या नावापुढे हजर लिहायला लावलं. तारीख टाकायला लावली. सही करायला लावली.

मी म्हणाले, आता तुम्ही जा की एकदा पुलावरून, हात धरते.  ते पुलाच्या खांबाकडे पाहत होते. आजचं पाणी कुठपर्यंत चढलं त्याची खूण त्यांना खांबावर करायची होती. काठाच्या निसरड्या उतारावरून ते काठी टेकत खाली उतरायला लागले, मान डावीकडे, डबा हातात. मी वरून हाका मारत होते, काका, नका जाऊ, काका. त्यांनी मागे न बघता डब्याचा हात वर केला आणि पुलाच्या खाली दिसेनासे झाले. वर पोरांची शेवटची टोळी पळत जात होती.